समधीची थट्टा आणि फोनमधली बाई

२ मे २०१९, सकाळ
संतापजनक बातमी. धाकटा भाऊ उमेंद्र म्हणतो, त्याच्या थोरल्या पोरीच्या, योगेश्वरीच्या लग्नात पंगतीच्या माइकवर फोन जोक सांगेल. त्याच्या धाकट्या पोरीच्या, सोनिकाच्या फोनमध्ये एक बाई आहे, विचारलं की हिंदीत उत्तर देते. सतरा वर्षं गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या पंगतींमध्ये समधीची थट्टा मी केली. आणि आता मशीन! किळस आली. चहा अर्धाच प्यालो.

३ मे
फोनचे जोक ऐकले. एक हत्ती, एक मुंगी. शी! सोनिका मात्र खिदळत होती. मशीनला मेन पॉइंट कळूच शकत नाही, थट्टा कोणाची करायची. पोरीकडच्यांनी समधीची, म्हणजे नवरदेवाच्या बापाची, मनसोक्त करावी. जेठाची, म्हणजे नवरदेवाच्या थोरल्या भावाची, कधीच नाही. त्याच्यापुढे सून डोक्यावर पदर घेते. माणूस ओळखणं हीच तर कला. उमेंद्रला पटवलं. ठरलं: आधी मी, मग फोन. उद्यापासून रियाज.

५ मे
रियाज उद्यापासून. ऊन फार.

८ मे
सालेकशाहून नवरदेवाकडचे भेटायला आले. गेलो नाही. कलावंताने आधी दिसू नये. गिरजा म्हणाली, काऊन नाई गेले जी, मानसं त पाहून घ्या. बायकोला स्टेजचं शास्त्र काय कळणार! समधी मी फेट्यावरून ओळखतो.

११ मे
हुकमी जोक गिरजाला ऐकवला. ती तांदूळ निवडत राहिली. हसू दाबत असावी.

१२ मे, दुपारी चार
मुर्रीला लग्न. पंगत बसली. पहिल्याच पत्रावळीवर गुलाबी फेटा, पिकलेल्या मिशा. माइक घेतला. म्हणालो, आमचे समधी वरणभातावर कमी अन् समधीनबाईंवर जास्त ध्यान देऊन राहिले!

तो जेठ होता, मिशा वयाआधीच पिकलेल्या. समधी शेजारी, साध्या टोपीत. म्हणजे समधीनबाईंवरून, पोरीच्या आईवरून, मी जेठाला... त्याने पत्रावळ सारली. मागोमाग अख्खी ओळ उठायला लागली. उमेंद्र हात जोडत धावला. योगेश्वरी रडायला लागली. आता हे लग्न मोडतं की काय! माइक सोडून मांडवाच्या खांबामागे सरकलो, खोटं कशाला लिहू.

सोनिका फोन चालू करून माइकपाशीच उभी होती. तेवढ्यात ती बाई आपणहून बोलली. माफ कीजिए, मैं समझी नहीं. फिर से कहिए.

आमची म्हातारी आत्या धुरपताबाई ओरडली, नोको सांगू बापा आता!

सगळा मांडव लोटपोट. जेठ तर इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन पुन्हा पानावर बसला. पंगत वाचली.

माझं म्हणणं सिद्ध झालं. मशीनला विनोद कळत नाही. भर मांडवात तिने स्वतः कबूल केलं.

१४ मे
आज सालेकशाला रिसेप्शन. जेठाचा निरोप आला, फोनवाल्या बाईले नक्की आना. माझं काय, म्हणून उमेंद्रला विचारलं. तो म्हणाला, दादा, तुमी बाहेर गाड्या लावायचं पाहा. मोठ्या विश्वासाचं काम आहे. त्यासाठी शिट्टीही दिली. कार्यक्रम संपेपर्यंत तोंडातून काढू नका म्हणाला.