उलटा शिक्का

प्रिय क्योहेई,

मोज्यांचे दोन जोड पाठवतेय. एक निळा, एक भोकाचा. भोकाचा मुद्दाम घातलाय, म्हणजे मला बोल लावायला तरी चार ओळी लिहिशील. मागच्या वेळी नुसतं 'मिळालं' लिहिलंस. तुझे बाबाही असेच मुके, पण ते निदान घोरायचे, माणूस घरात आहे एवढं कळायचं.

शेजारच्या ओगिनोबाईंनी केस तपकिरी केलेत. मी म्हटलं, "अगोबाई, मला वाटलं तुमची धाकटी बहीण आली." दोन दिवस खूश होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं, त्या एकुलत्या एक आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे.

आपल्या गल्लीची फाईल अजून घरोघर फिरते. कचऱ्याचे वार, गटारांची सफाई, कोण वारलं, सगळं तिच्यात. आपल्या जागी नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. लहानपणी ते काम तुझं होतं, आणि तू शिक्का हमखास उलटा मारायचास. बाबा म्हणायचे, "घ्या, आज पुन्हा आपलं घर डोक्यावर उभं." तू गेल्यापासून मीही उलटाच मारते. गल्लीला वाटतं म्हातारीला दिसत नाही. दिसतं चांगलं. फक्त मी वाचत नाही. फाईल तासभर माझ्याकडे राहिली की ओगिनोबाई कुंपणापलीकडून खोकायला लागतात, म्हणून मी उभ्या उभ्या ठप्पा मारते आणि देऊन टाकते.

टोफूवाल्याच्या बंद घराचा फोटो तुमच्या हॉस्पिटलातल्या मियोशीबाईंनी तुला दाखवला होता. तुम्ही पाच जणं राहणार, वरची खोली तुझी. एकोणीस वर्षांनी दाराची किल्ली तुझ्या स्वतःच्या खिशात. तू विचारलं होतंस ना, खिडकीतून संत्र्याचं झाड दिसतं का? मी जाऊन बघितलं. फांदी अगदी काचेला लागते. आपल्यापासून अकरा घरं. गुडघा धरत चालले तरी चहा गार होत नाही.

त्या घरात तुम्हाला राहू द्यायचं की नाही, यावर मंगळवारी नगरपालिकेची सभा झाली. आपल्या गल्लीचे अध्यक्ष कुसाकासाहेब उभे राहिले. "आमचा कुणावर राग नाही हो. पण ही राहत्या घरांची वस्ती आहे." माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, मग ती पाच जणं तिथे काय पोहणार आहेत? तेवढ्यात त्यांनी पडद्यावर कागद दाखवला. हरकतीचा, मनाच्या आजारातून उठलेल्यांना इथे घर देऊ नका म्हणून. गेल्या महिन्यात फाईलमधूनच फिरलेला, गटारांच्या कागदाखाली. "तेवीस घरं, तेवीस शिक्के. एकही जागा रिकामी नाही."

नववा शिक्का उलटा होता.

मी उभी राहिले. कुसाकासाहेब म्हणाले, "फुमिएकाकू, वारा लागतोय का? खिडकी लावू?" जन्मभर मी कुणाला उत्तर द्यायला चुकले नाही. त्या दिवशी म्हटलं, "हो, लावा." काय सांगणार होते? गल्लीला माहितीये तू होक्काइदोत बोटीवर कामाला आहेस. दर हिवाळ्यात तू पाठवलेस असं सांगून मी बाजारातले खेकडे वाटते. ओगिनोबाई तर म्हणतात, तुमच्या क्योहेईच्या खेकड्यांची चव वेगळीच.

दुसऱ्या दिवशी कुसाकासाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा केला. "काकू, आधी बोलायचं ना. क्योहेई म्हणजे आपलाच. पण बाकीचे चौघं कुणाचे, कोण जाणे." मी म्हटलं, त्यांच्याही आया कुठेतरी खेकडे वाटत असतील. त्यांना ते कळलं नाही. आणखी एक बिस्कीट पुढे केलं. तिथून नगरपालिकेत गेले, शिक्का मागे घ्यायला. खिडकीतली बाई फार गोड बोलली. "आजी, परवानगी नाकारून झाली. आणि तुमचा एक काढला तरी बावीस उरतातच ना." मी बोटांवर मोजून बघितलं. बावीसच उरतात.

पुढच्या गुरुवारी मियोशीबाई ते कागद घेऊन तुझ्याकडे येतील. गल्लीने हरकत घेतली म्हणतील, नाव कुणाचं घेणार नाहीत, भली बाई आहे. पण तू कागद बघशील आणि नवव्या शिक्क्यावर थांबशील. म्हणून त्याआधी माझ्याकडून ऐक. मी वाचलं नव्हतं. दुसरं काही कारण नाही. वाचलं असतं तर जागा रिकामी सोडली असती का, हे मात्र मला विचारू नकोस. ओगिनोबाईंनी लगेच विचारलं असतं, का सोडली म्हणून. त्या झाडाची संत्री पिकायला लागलीत. कुंपणाबाहेर पडलेली दोन मोज्यांत घातलीत. हे पत्र तीनदा वाचलं, आणि मगच खाली शिक्का मारलाय. उलटाच.

तुझीच,
आई