दहा वर्षांची अट

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? (देत नसेल तर खालच्या खोलीत झोपा म्हणावं, हट्ट पुरे.) तुम्ही रक्तदाबाची गोळी न चुकता घेता, असं मी धरून चालतो. मी मजेत आहे, म्हणजे पत्रात लिहायचं असतं तितका.

तुम्ही विचारलंत, विद्यापीठातलं कामाचं वातावरण कसं असतं, आणि आमच्या बंधुराजांना, म्हणजे तुमच्या चिरंजीवांना, मुलाखतीला पाठवावं का. आता काय सांगू! प्रयोगशाळेतलं जे यंत्र मी सांभाळतो, त्याला गारवा लागतो म्हणून त्याच्या खोलीत एसी, आणि मी कोपऱ्यात दोन स्वेटर घालून. आमचे सर मोठे विद्वान. वर्षातून दोनदा पाहुण्यांना यंत्र दाखवायला येतात आणि ते चालू कुठून करायचं हे मला डोळ्यांनी विचारतात. शोधनिबंधावर नाव त्यांचं. मी शेवटी आभारात, तेही विजेच्या खात्यानंतर. नोकरी सहा-सहा महिन्यांची. मुदत संपली की एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून घेतात (त्या एका दिवशी यंत्र बंद पडलं तर फोनवरून सांगायचं, फुकटात). सात वर्षं असा मी चौदा वेळा नवा झालोय.

यंदा मात्र जागा कायमची निघाली. इथली रीत अशी, की जागा ज्याच्यासाठी, जाहिरात त्यानंच लिहायची. अशी मापात बेतून, की दुसरा कोणी त्यात मावूच नये. सर म्हणाले, कडक लिही. मी लिहिली! हवा उपसणारे पंप (यंत्राचा जीव त्यांतच) खोलून जोडण्याचा दहा वर्षांचा अनुभव हवा, अशी अट ठोकून दिली. सात वर्षं नोकरीची, तीन विद्यार्थी असतानाची, झाली दहा. छापून आल्यावर मोठ्या ऐटीत कात्रण तुम्हालाही धाडलं. आणि छाननीच्या बाईंनी चष्मा वर करून सांगितलं, विद्यार्थी असतानाची वर्षं धरत नाहीत. मीच लिहिलेल्या जाहिरातीत मीच अपात्र! सरांकडे धावलो, तर म्हणतात, अरे, पण अट घातली कोणी? मामा, संताप आला, रडूही आलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिला सातवा महिना आहे, आणि जागा कायमची म्हणून तिनं शाळेतली नोकरी सोडलीय.

तेव्हा बंधुराजांना इथे पाठवू नका. तुमच्या वर्कशॉपात तो राजा आहे. इथे त्याचा जीव गुदमरेल.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. सगळ्या अर्जांत पात्र ठरलाय एकच. पंपदुरुस्तीचा अकरा वर्षांचा अनुभव, दाखला तुमच्या वर्कशॉपचा, खाली सही तुमची. सोमवारी मुलाखतीच्या दिवशी त्याचं पोट दुखेल असं बघा ना, मामा. कोणीच आलं नाही तर जाहिरात पुन्हा निघते. पाया पडतो.

ता.क. दुसरा. येणारच म्हणाला तर येऊ द्या. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे काय मला माहीत नाही? फक्त त्याला एक मदतनीस लागेल, आणि ती जाहिरात मला आता कोणी लिहू देणार नाही, त्याच्याच गळ्यात पडेल. अनुभव सात वर्षं लिही म्हणावं. उगाच आठ नको.