फासे थांबू देऊ नकोस

चिमणे,

आजचा आमचा फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ तू चालव. खेळणारे चौघं नेहमीसारखे येतील, त्यांना सांगून ठेवलंय. नकाशा आणि राक्षसाची सगळी माहिती पुठ्ठ्याच्या आडोशामागे आहे. गोष्ट अडली तर फासे टाक आणि दे काहीतरी ठोकून, मीही तेच करते. फक्त खडखडाट थांबू देऊ नकोस. तो ऐकू येतोय तोवर मी आतच आहे असं तुझा दादा समजतो. माझ्या चपला दारात आहेत, तशाच राहू देत.

या खेळात कोणी जिंकत नसतं, पण त्याने बाहेरून विचारलंच, तर "वहिनी जिंकतेय" म्हण.

राक्षसाचा आवाज कसा काढू, असं मात्र विचारू नकोस. इतकी वर्षं रात्री-अपरात्री भिंतीपलीकडून तूही तो ऐकतेच आहेस.

वहिनी