वैजूचं नाव घेतलं

रवि. १९ जाने.
जिंकलो! खो-खोचा वर्ल्डकप! शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझीच बोरं पळवणारी वैजू टीव्हीवर तिरंगा पांघरून रडत होती. हायवेवरच्या हॉटेलात अर्धा येरमाळा उभा. मीही गुपचूप डोळे पुसले. कुणाला दिसलं नसंल.

मंगळ. २१
सरपंच घरी आले. शुक्रवारी वैजूची मिरवणूक. "डीजे हायच, पण अण्णा, चौकात तुमचा गोंधळ पायजे." वाटलं बाप हाकलून देतो आता. देवीपुढं सोडून कुठं तुणतुणं धरत न्हाईत ते. तर म्हणले, "पोरगी येडाईला नारळ ठेवून गेलती खेळाया. वाजवू. पण देवीचा म्हणूनच वाजवू."

गुरु. २३
अण्णांचा घसा पार बसला. संध्याकाळी गळ्यातली कवड्यांची माळ काढून माझ्या गळ्यात घातली. "उद्या नावं तू घे."
गावोगावच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला बोलवायचं काम आमच्यात थोरल्यानंच करायचं. आठ वर्षं मी मागं नुसतं संबळ बडवतोय. मी लगेच नावं घोकायला बसलो. आई म्हणली, जेव आधी.

शुक्र. २४
लिहू का नको.
दुपारी चौकात मुंगीला पाय ठेवाया जागा न्हाय. वैजू उघड्या जीपमधी, गळ्यात हार, डोळ्यापर्यंत गुलाल. दिवटी पेटवली. तुळजापूरची घेतली, माहूरची घेतली, आमची येडाई घेतली. संबळ असं काय लागलं होतं आज! वैजूकडं बघितलं अन् तोंडातनं गेलं, "येरमाळ्याची वैजू, गोंधळाला ये!" देवांच्या रांगेत. तोच सूर, तोच ठेका.
शिट्ट्या काय, गुलाल काय. चढली मला. परत घेतलं. तीनदा घेतलं, मूर्खानं.
तिसऱ्यांदा मागचं तुणतुणं थांबलं. वळून बघतो तर अण्णा दिवटी घेऊन घराकडं चाललेले. आरती झालीच न्हाय. मांडलेला गोंधळ आरतीबिगर मोडलेला मी जन्मात बघितला न्हाय.
घरी आल्यावर अण्णांनी माळ काढून घेतली. दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनि. २५
व्हिडिओ सगळीकडं. ईटच्या मावशीचा फोन, तामलवाडीच्या मामाचा फोन. "नाव काढलंस रं विक्या!" अण्णा समोरच बसलेले. फोन ठेवला.

रवि. २६
झेंडावंदन वैजूच्या हस्ते. राष्ट्रगीत झालं, पोरं चॉकलेटला पळाली, अन् गर्दीतनं एक म्हातारी आली ती सरळ वैजूच्या पायावर. माझ्या आज्जीच्या वयाची. कडेवरचा तापलेला नातू पुढं केला. "आई, हात फिरव याच्यावर."
मला हसूच आलं आधी. मग म्हातारीचं तोंड बघितलं.
संध्याकाळी वैजूच्या दारात खण-नारळ घेऊन बाया. आईनं घरी येऊन सांगितलं, बाया काय बोलत्यात ते. गोंधळ्यानं नाव घेतलं, आरती करून परत पाठवलंच न्हाय. म्हणजे देवी अजून पोरीच्या अंगात हाय.
हे मी केलं. मी.

सोम. २७
वैजू आली. ट्रॅकपँटमधीच. आईनं तिला बस म्हणायच्या आधी पदर सावरला. माझ्या आईनं! वैजूला ते दिसलं.
"विक्या, काय करून ठेवलंस रे? सकाळी प्रॅक्टिसला रांगेत बसले. पोरी पळत येत्यात अन् माझ्यापाशी येऊन थांबत्यात. खो देईनात. पाठीला हात लावायला भेत्यात माझ्या! पाठीला हात न्हाय लागला तर मी उठू कशी, पळू कशी?"
मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं बाजूला सारला.
"ज्या तोंडानं बोलावलंस त्याच तोंडानं मला परत माणसात आण."
अण्णा ऐकत होते. तीन दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "देवाला पाठवायची रीत हाय, पोरी. माणसाला पाठवायची न्हाय. पण उद्या मंगळवार हाय. राहिलेली आरती तुझ्या दारात करू."

मंगळ. २८
सकाळी बघतो तर कवड्यांची माळ माझ्या संबळावर ठेवलेली. अण्णांचा घसा मोकळा झालाय, तरी म्हणले, "बोलावलीस तू, पाठव तूच." म्हणलं, शब्द कुठले घेऊ? "मला ठाव असते तर मीच घेतले असते की."
अण्णांना ठाव न्हाय असं काही असतं, हे आज कळलं.
पाचला गोंधळ हाय. मघाशी चारला संबळ ठेवायला तिच्या दारात जाऊन आलो. अंगण बायांनी भरलेलं. वैजू उंबऱ्यावर पाठमोरी बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. ठरवूनच गेलो होतो, शाळेत घालायचो तसा पाठीत धपका घालायचा. सगळ्या बायांदेखत. मग कशाला पायजेत शब्द?
हात उचलला.
न्हाय लावला गेला माझ्याच्यानं. पाठीपासनं वीतभर राहिला असंल. तसाच धरून उभा राहिलो. तिनं मागं वळून आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.
पाच वाजत आले. अण्णा बाहेरनं हाक मारायलेत.