मधल्या स्पीकरबद्दल

रविवार, ९ जून

ती. दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच).

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील. रागाव. रोजची डायरी न चुकता लिहिणारी बाई भावाला दोन ओळी खरडत नाही, याला आळस म्हणावा तर डायरी कशी होते, आणि माया आटली म्हणावे तर ते मला मान्य नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. आम्ही सगळे मजेत आहोत, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

घर बदलताना तू तुझा जुना रिसीव्हर आणि स्पीकर आमच्याकडे पाठवलेस, ते बाबांना सिनेमातले बोलणे नीट ऐकू यावे म्हणून. हेतू चांगला होता. (हेतूला मी नावे ठेवत नाही, नावे ठेवायला इतर पुष्कळ असते.) मधला स्पीकर खोक्यात मावला नाही, मागाहून पाठवतो म्हणालास; तो अजून मागाहूनच आहे. तुझे मेहुणे तेवढ्यासाठी थांबणारे नव्हेत. त्यांनी उरलेले चार बैठकीच्या चार कोपऱ्यांत टांगले, वायरी सतरंजीखालून नेल्या, त्यांत पाय अडकून मी पडले (कंबर), आणि एक बटण दाबताच चारही कोपरे बोलू लागले. "सराऊंड!" मेहुणे म्हणाले, म्हणजे चहूबाजूंनी निरनिराळा आवाज. चारही कोपरे तेच ते बोलत होते, असे मी म्हटले. त्यावर घरात जरा अबोला झाला आणि अबोल्यात मी माहितीपुस्तक वाचून काढले.

तर दादा, आवाज तारेतून येतो तो बांधलेल्या पुडक्यांतून. प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर चिठ्ठी असते, की मी अमुक प्रकारचा आणि माझ्यात इतक्या स्पीकरांचे वाटे वेगळे बांधले आहेत. रिसीव्हर चिठ्ठी वाचतो, प्रकाराचे नाव समोरच्या पट्टीवर दाखवतो, पुडके सोडतो आणि ज्याचा वाटा त्याला देतो. आमचा टीव्ही मात्र (हा आगाऊपणा आमच्याच घरात शिकला असावा) पुडकी स्वतःच फोडून, सगळ्याची सरमिसळ करून दोनच वाटे पुढे ढकलत होता. रिसीव्हर बिचारा तेच चार कोपऱ्यांत वाढत होता. मेहुण्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून त्याला पुडक्यांना हात न लावण्याची ताकीद दिली. पट्टीवर सराऊंडचे नाव झळकले आणि त्या आनंदात शेजारच्या काका-काकूंना सिनेमाचे आमंत्रण गेले.

सिनेमा कोर्टातला. पंखा मागे फिरतोय, उजवीकडे कोणी कागद चाळतोय, डावीकडे खुर्ची सरकते आहे, आणि माणसांच्या तोंडून एक अक्षर नाही. वकील हातवारे करून नुसते ओठ हलवतोय. कारण बोलणे असते मधल्या स्पीकरच्या वाट्यात, आणि रिसीव्हरच्या डोक्यात अजून तुझ्याच घरची मांडणी होती. मधला आहे असे धरून तो सगळा खटला त्या नसलेल्या स्पीकरात ओतत होता. हे नंतर कळले. त्या वेळी बोलणे ऐकू येत नाही असे कोणीच कबूल करेना. काकू म्हणाल्या, "किती स्पष्ट हो!" काका म्हणाले, "पंखा तर अगदी आपल्याच डोक्यावर!" मीही मान डोलावली. (पाहुण्यांसमोर नवऱ्याची शोभा नको म्हणून, असे डायरीत लिहिले, मग वाटले, आपल्यालाच तेवढे कळत नसेल अशी भीती होती. दोन्ही कारणे ठेवली आहेत.) बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि हळूच मला म्हणाले, "संपलं बघ. आता काहीच ऐकू येत नाही. तुझ्या त्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घे."

दादा, दोन वर्षे मी त्यांच्या मागे लागले होते! "माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच पुटपुटता" याखेरीज उत्तर नव्हते. मी लगेच गुरुवारची वेळ घेतली. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी रिसीव्हरला मधला स्पीकर नसल्याचे कळवले. त्याने बोलणे समोरच्या दोघांत वाटून दिले आणि न्यायाधीशांचा सुस्कारासुद्धा ऐकू आला. पण हे बाबांना सांगावे, तर ते "बहिरं तुमचं यंत्र, मी नव्हे!" म्हणून जन्मात डॉक्टरांची पायरी चढणार नाहीत. न सांगावे, तर ते आपल्याला ठार बहिरे समजून खोलीत बसलेत. "आपण खोटं कुठे बोलतोय?" मेहुणे म्हणतात, "आपण फक्त बोलत नाही आहोत." हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले, त्याचेच जास्त वाईट वाटते.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र लिहिले ते एवढ्यासाठी : गुरुवारपर्यंत बाबांना फोन करू नकोस, आणि केलास तर मधल्या स्पीकरचे नाव काढू नकोस.

ता. ता. क. वरची विनंती रद्द. आत्ता जेवण झाल्यावर बाबांनी आपला रेडिओ पुसून माझ्या हातात दिला. म्हणाले, "जावईबापूंना दे. मला आता काय उपयोग?" मी तो आत ठेवून आले. मग धीर करून सगळे सांगायला गेले, तोवर दार लावून ते आडवे झाले होते. ठोठावले, हाका मारल्या, पुन्हा ठोठावले. शेजारचे काका काय झाले म्हणून बाहेर आले. काकूही आल्या. बाबा काही उठले नाहीत; आत घोरणे चालूच.

उद्याचे काम : बाबांना खरे सांगणे. मोठ्याने.