अफलातूनचं माहेरचं नाव

लातूर, चैत्र वद्य ५, शके १८६७

ती. स्व. अनंतमामांना सिंधुचा सा. न. वि. वि.

तुम्ही धाडलेलं इंग्रजी पुस्तक वाचून राहिले. त्यातला प्लेटो म्हणजे आपला अफलातूनच का? एका माणसाला इतकी नावं कशाला?

उगीच विचारत नाही. कंधारहून सासरचा निरोप आलाय, लग्नानंतर माझं नाव सौदामिनी ठेवणार. मामा, सिंधु हे नाव बाबांनी ठेवलं आणि सहा महिन्यांत ते गेले. त्यांचं माझ्याजवळ दुसरं काहीच नाही. आई म्हणते, सगळ्यांचंच बदलतं, तू काय जगावेगळी! मला नुसतं रडू येतं.

मामींना नमस्कार. भाचीवर जीव आहे तसाच राहू द्या.

आपली,
सिंधु

नांदेड, चैत्र वद्य ११

चि. सिंधुस मामाचे अनेक आशीर्वाद.

अगं, दोन कुठली, चार नावं! म्हणतात की घरचं नाव अरिस्टोक्लीस. खांदे रुंद, म्हणून कुस्तीच्या वस्तादानं प्लातोन केलं. ग्रीकात त्याचा अर्थ रुंद. रोमनांनी शेवटचा न खाऊन प्लातो म्हटलं. पण मिशनच्या शाळेत पाद्रीसाहेबांनी मला लॅटिन घोकायला लावलं तेव्हा कळलं, तो न कुठं जात नाही. षष्ठीत प्लातोनिस, चतुर्थीत प्लातोनी, प्रथमा सोडली की हजर! पुढं अरबांनी अफलातून केलं, ते आपल्याकडं आलं.

त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही. तुला तोंड आहे, बाई. रडत काय बसतेस? सरळ सांग. फार तर नाही म्हणतील.

मामी लाडू करून राहिली. खुशाली कळवत जा.

तुझा,
अनंतमामा

कंधार, वैशाख शुद्ध १०

ती. स्व. मामांना सिंधुचा सा. न. वि. वि.

गृहप्रवेश झाला, तांदळाचं ताट पुढं आलं. यांनी अंगठीनं ‘सौदा’पर्यंत लिहिलंसुद्धा. मी धीर करून म्हणाले, माझं नाव सिंधुच राहू द्या, ते माझ्या बाबांनी ठेवलंय. नवी नवरी बोलली म्हणून यांच्या आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. हे आईकडं बघत राहिले. सासूबाई पुढं आल्या, तळहातानं तांदूळ सारखे केले आणि यांना म्हणाल्या, लिही, सिंधु.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी त्यांना माहेरचं नाव विचारलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, केवळा. बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणे. आम्ही दोघी रडलो, मामा, आणि मग हसलो.

इथं सगळे त्यांना चंद्रप्रभाबाई म्हणतात. तुम्ही उत्तरात नमस्कार लिहाल, तो केवळाबाईंना लिहा. त्यांना वाचता येतं.

आपली,
सिंधु