अनवाणी अक्षरं

श्री
नेकनूर, फाल्गुन वद्य ५, शके १८४९

चिरंजीव अर्जुनास विठ्ठलरावांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या छापखान्यातून पत्रिका पोचल्या. आता आमची खुशाली काय विचारतोस! सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि अक्षर कसलं लावलंस? बोरूच्या अक्षराला अंग असतं. कुठं भरतं, कुठं निमुळतं होतं, टोकाला धार येते. तुझं मात्र वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं, काटक्या रचल्यागत.

चौसाळ्याला व्याह्यांकडे, सुंदररावांकडे, पत्रिका घेऊन गेलो. त्यांनी भर बैठकीत विचारलं, की हे लगीन हाय का खरजेच्या मलमाची जाहिरात. बैठक लई हसली. पत्रिका परत दिली आणि म्हणाले, चांगल्या अक्षरात छापून आणा, न्हाईतर आमी दुसरी सोयरीक बघतो. माझी मान खाली गेली.

रामनवमीच्या आत जाड-बारीक ठशाच्या पत्रिका आल्या पाहिजेत. काहून असं केलंस, तेही लिही. राग आहे; लोभ उरलाय तेवढा सांभाळ.

विठ्ठलराव

श्री
पुणे, फाल्गुन वद्य १२

तीर्थरूप आबांचे चरणी अर्जुनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझंही डोकं तापलं, ते आधीच सांगतो. जाड-बारीक ठसा आमच्याकडे पेट्या भरून आहे. इंग्रजीतही अक्षरांच्या अशाच दोन जाती. एकीच्या पायात जोडे, म्हणजे टोकांना बारीक पट्ट्या, दुसरी अनवाणी. जोडेवाली भारदस्त दिसते, कबूल. पण अनवाणी अक्षर नवशिक्याला पटकन कळतं. मलमवाल्यानं ते उचललं, यात अक्षराचा काय गुन्हा? सुंदररावांनी पत्रिका वाचली तरी का, की नुसती हातात जोखली?

हा ठसा मी मुद्दाम लावला. सत्यभामेला मी चुलीपुढच्या राखेत बोटानं मुळाक्षरं शिकवली. बोटाची रेघ एकाच जाडीची उमटते, आणि तसलंच अक्षर तिला वाचता येतं. पोथीतलं तिला नक्षी वाटतं. स्वतःच्या लग्नाची पत्रिका तरी तिनं स्वतः वाचावी, एवढंच मनात होतं. ती तिच्या हातात दिलीत का, आबा?

हवी तशी छापून पाठवतो. रागावलात तर माझ्यावरच रागवा, आणि मग पूर्वीसारखं प्रेम करा.

अर्जुन

श्री
नेकनूर, चैत्र शुद्ध ३, शके १८५०

चि. अर्जुनास आशीर्वाद.

घरात पोरगी वाचते आणि बापाला पत्ता नाही! तुझ्या आईला म्हणे सगळं ठाऊक होतं. मी तिच्याशी अबोला धरला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

सत्यभामेपुढं पत्रिका ठेवली. बोट लावून वाचत गेली. माझं नाव, आजोबांचं, सुंदररावांचं, मग स्वतःचं. तिथं थांबली. वाटलं, रडणार. तर पुन्हा वरून वाचायला लागली आणि माझ्यावरच डाफरली. का, ते तिनंच खाली लिहिलंय.

उद्या चौसाळ्याला जातो. बैठकीपुरत्या जोडेवाल्या पत्रिका देईन, पण आमच्या घरची अनवाणीच राहील. वाचणारी सून चालत नसेल तर आत्ताच बोला, असं तोंडावर सांगणार आहे. माझ्या पोरीच्या पत्रिकेला हसतात म्हणजे काय!

तुझ्यावरचा राग गेला, लोभ तेवढा ठेवलाय.

विठ्ठलराव

दादा, समद्यांची नावं हायती. आईचं न्हाई. छबुबाई घाल. आनवानीच.
सत्यभामा